पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील आहारातील स्निग्ध पदार्थ

पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण हा औद्योगिक पट्टा प्रामुख्याने हवेली व खेड तालुक्यांतील शेतीप्रधान गावांच्या भूमीवर उभा राहिला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे मोठे वाहन-कारखाने आले. उपजीविकेबरोबर आहारातील तेल, तूप व मांस यांचे स्वरूप आणि प्रमाणही पालटले.

पारंपरिक आहार

ज्वारी-बाजरीची भाकरी, कडधान्याची आमटी व पालेभाजी हा जुन्या जेवणाचा गाभा होय. फोडणीस शेंगदाणा किंवा करडईचे घाण्याचे तेल बेताने वापरले जाई. बराचसा स्निग्धांश शेंगदाणे, तीळ, कारळे व जवस यांच्या चटण्यांतून मिळे. त्यांपैकी जवसात ओमेगा-३ गटातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल विपुल असते. करडईच्या तेलात ते जवळजवळ नसते. तळण सणासुदीपुरते आणि मटण बहुधा जत्रा, आखाड किंवा पाहुणचारापुरते असे.

तेलांतील बदल

१९३७ पासून ‘डालडा’ या नावाने विकले गेलेले वनस्पती तूप स्वस्त व टिकाऊ होते; मात्र अंशतः हायड्रोजनीकरणामुळे त्यात ट्रान्स मेदाम्ले निर्माण होत. ही मेदाम्ले रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवतात व हितकर कोलेस्टेरॉल घटवतात. खाद्यतेले व वनस्पती तुपातील त्यांची मर्यादा भारतात २०२२ पासून २ टक्के आहे. आज फरसाण व बेकरीच्या पदार्थांत पामतेल सर्रास आढळते. त्यातील सुमारे निम्मी मेदाम्ले संपृक्त असतात. घाण्याचे तेल म्हणजे निर्धोक, ही समजूत मात्र अपुरी आहे. तेल घाण्याचे असो वा रिफाइंड, एका ग्रॅममागे ऊर्जा ९ किलोकॅलरीच मिळते. नांगरणी करणाऱ्या देहाला जे पचे, ते पाळीत यंत्रापुढे उभे राहणाऱ्याला किंवा संगणकापुढे बसणाऱ्याला जड जाते.

मांस

गावरान कोंबडी उकिरड्यावर दाणे-किडे टिपत कित्येक महिन्यांत वाढते. ब्रॉयलर तयार खाद्यावर साधारण सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास भरते. ब्रॉयलरचे मांस मऊ असते व त्यात सामान्यतः मेद अधिक असतो. तथापि कोंबडीचा बराच मेद कातडीत असल्याने, कातडी काढलेले ब्रॉयलरही चरबीयुक्त मटणापेक्षा कमी संपृक्त मेद देते. रश्श्यावरची तर्री व तळलेले तुकडे यांनी हा लाभ सहज नाहीसा होतो.