लॅपटॉपमधील दुसरें कोठार

नव्या लॅपटॉपांत सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह आतां क्वचितच आढळतो. परंतु ज्या जुन्या यंत्रांत तो आहे, तेथें त्याची जागा बहुधा निरुपयोगी पडून असते. त्या जागेंत दुसरी डिस्क सुखानें मावते.

त्यासाठीं कॅडी नांवाची चौकट मिळते. ती साधारणतः १२.७ किंवा ९.५ मिलिमीटर जाडीची असते. म्हणून आधीं ड्राइव्ह मोजावा, मगच खरेदी करावी. यंत्र बंद करून विजेची तार व बॅटरी काढावी. पुष्कळ यंत्रांत तळाचा एकच स्क्रू सोडविला कीं ड्राइव्ह बाजूनें सरकून बाहेर येतो. त्याची दर्शनी पट्टी कॅडीस जोडली म्हणजे यंत्राचें रूप बिघडत नाहीं.

खरा विचार करावयाचा तो कोणती डिस्क कोठें बसवावी याचा. कांहीं यंत्रांत ड्राइव्हच्या जोडणीचा वेग मूळ जागेहून कमी असतो. म्हणून वेगवान एसएसडी मूळ जागीं व जुनी हार्ड डिस्क कॅडींत, ही सर्वसामान्य रीत होय. मात्र धक्का बसतांच फिरती डिस्क सांवरणारी योजना कांहीं यंत्रांत मूळ जागेपुरतीच असते. तेव्हां असा लॅपटॉप चालू स्थितींत हलवूं नये.

शेवटीं एक गोष्ट विसरतां कामा नये. दुसरी डिस्क म्हणजे दुसरी प्रत नव्हे. लॅपटॉप चोरीस गेला, तर दोन्ही कोठारें एकदमच जातात. घरांतील छायाचित्रांची एक प्रत यंत्राबाहेर ठेवावी, आणि ती स्क्रूला हात लावण्यापूर्वींच करावी.