चवड्याचं माप

दिवसभर चालून आल्यावर संध्याकाळी फरशीवर जुनं वर्तमानपत्र पसरायचं. ट्रेकचे जाड मोजे घालून त्यावर पूर्ण भार देऊन उभं राहायचं आणि घरातल्या कुणाकडून तरी पावलाभोवती पेन्सिल फिरवून घ्यायची. पेन्सिल उभी धरायची, तळव्याखाली घुसू द्यायची नाही. माझ्या पावलाची लांबी भरली २६.२ सेंटिमीटर. चवड्याची रुंदी, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येतं तिथपासून करंगळीच्या मुळापर्यंत, भरली ११.१. हे दोन आकडे मला चाळिशी ओलांडल्यावर कळले. त्याआधी वीस वर्षं मी डोंगरात जात होतो आणि दुकानात ‘दहा नंबर दाखवा’ म्हणत होतो. लांबीच्या हिशेबाने माझा पाय आठात बसतो.

मी सूसला राहतो. २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं आणि भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. तरी शनिवारी पहाटे इथून नांदे-चांद्याकडे निघालं की पौडच्या पुढे सगळा मुळशी तालुका समोर असतो: तैलबैला, घनगड, कोराईगड, ताम्हिणी, अंधारबन. चढताना बूट फारसा बोलत नाही. तो बोलतो उतारावर. तैलबैल्याहून वाघजाई घाटाने ठाणाळ्याकडे उतरताना माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली, तेव्हा बूट दोन नंबर मोठा होता. करंगळीला कुरूप होतं ते वेगळंच. मोठा बूट घेऊनही करंगळी चेपलेली आणि मोकळ्या जागेत पाऊल पुढे सरकून अंगठा आपटतोय, हे कोडं मला बरीच वर्षं सुटलं नव्हतं.

ते आकड्यांत सुटतं. आपल्याकडे रूढ असलेल्या ब्रिटिश मापात एक नंबर वाढला की लांबी एक तृतीयांश इंच वाढते, साधारण साडेआठ मिलिमीटर. हे माप जवाच्या दाण्यावरून आलं, तीन दाण्यांचा एक इंच. त्याच एका नंबरात चवड्याचा घेर पाव इंच वाढतो, पण तो घेर पावलाच्या भोवताली वाटला जातो. तळाची सपाट रुंदी जेमतेम दोन मिलिमीटर वाढते. म्हणजे रुंदीसाठी दोन नंबर वर गेलो, तर पायाला सतरा मिलिमीटर नको असलेली लांबी मिळाली आणि हवी असलेली रुंदी चारच मिलिमीटर. शिवाय बुटाचा तळ जिथे वाकायला केलेला असतो ती जागा पुढे सरकली. पाऊल एका ठिकाणी वाकतं, बूट दुसऱ्या. सैल टाच घोट्यामागे घासत राहते आणि फोड येतो.

बूट फर्म्यावर बनतो. पूर्वी लाकडाचा, आता बहुधा प्लास्टिकचा, पावलाच्या आकाराचा ठोकळा. त्यावर वरचं कातडं किंवा कापड ताणून बसवतात आणि खाली तळ चिकटवतात. फर्मा ज्या लोकांच्या पावलावरून कोरला, त्यांच्या पायाचा बूट होतो. परदेशात या रुंदीला अक्षरं आहेत. अमेरिकन मापात पुरुषांचं सर्वसाधारण पाऊल ‘डी’, रुंद ‘२ई’, त्याहून रुंद ‘४ई’. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजच्या चार्ल्स ब्रॅनॉकने पाय मोजायचं धातूचं उपकरण केलं. ते एकदम तीन मापं देतं: टाच ते बोटाचं टोक, टाच ते चवडा आणि चवड्याची रुंदी. मधलं माप मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण बूट कुठे वाकायला हवा ते त्यावरून ठरतं. जपानच्या मानकातही लांबीसोबत रुंदीचं अक्षर असतं. आपण ब्रिटिशांकडून नंबर घेतला. रुंदी मोजायची सवय मात्र दुकानांत रुजली नाही. आजही विचारलं की मुलगा आत जाऊन एक नंबर मोठा डबा घेऊन येतो. त्याच्याकडे देण्यासारखं दुसरं काही नसतंच.

ही उणीव भरायचं पहिलं मोठं काम चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने केलं. १९४८ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या चार महिन्यांत देशभरातल्या ७९ ठिकाणी सुमारे एक लाख माणसांची पावलं त्रिमितीय स्कॅनरने मोजली. सुरुवातीला अंदाज असा होता की देशाच्या पाच विभागांसाठी निरनिराळी मापं लागतील. मोजणीनंतर एकच पद्धत पुरेल असं ठरलं. तिचं नाव ‘भा’, भारतातला भा. तान्ह्या बाळापासून प्रौढांपर्यंत वयानुसार तिचे आठ गट आहेत. शिफारस मान्यतेसाठी भारतीय मानक ब्युरोकडे गेली. निष्कर्षांत जे आलं ते वाचताना मला माझी करंगळी आठवत होती: भारतीय पावलं युरोपीय आणि अमेरिकन पावलांपेक्षा रुंद आहेत, आणि रुंदी मिळावी म्हणून लोक गरजेपेक्षा लांब बूट घेतात.

ही रुंदी जन्मजात किती आणि वापराने किती, हे वेगळं काढणं सोपं नाही. पण वापराचा वाटा आहे. २००९ मध्ये बेल्जियमच्या क्रिस्तियान दाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा दक्षिण भारतातल्या अनवाणी चालणाऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनवाण्यांची पावलं रुंद होती आणि चालताना भार तळव्यावर जास्त सारखा पसरत होता. त्याआधी १९९२ मध्ये राव आणि जोसेफ यांनी कर्नाटकातल्या २,३०० मुलांचे पायांचे ठसे तपासले. बूट-चपला घालणाऱ्यांत सपाट पायाचं प्रमाण ८.६ टक्के होतं, अनवाणी मुलांत २.८. मुळशी हा आंबेमोहोराचा तालुका. आवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर उभ्या राहिलेल्या पायांची बोटं सुटी पसरलेली दिसतात, अंगठा बाजूला झुकलेला नसतो. असं पाऊल निमुळत्या बुटात कोंबायचं म्हणजे चांगल्या चालणाऱ्या पायाला शिक्षा करणं आहे.

आपल्या जुन्या पायताणात ही अडचण नव्हती. कोल्हापुरीच्या दोन्ही बाजू उघड्या, चवडा हवा तेवढा पसरतो, आणि कातडं दोन-चार आठवड्यांत पायाचा आकार घेतं. डोंगरात आधीच्या पिढीतल्या भटक्यांनी वर्षानुवर्षं कॅनव्हासचे हंटर शूज वापरले. घोटाभर उंच, रबरी तळाचे, स्वस्त. कॅनव्हास भिजला की सैल पडतो, त्यामुळे रुंद पाय त्यात कसाबसा सामावायचा. तळ पातळ असल्यामुळे खडे टोचायचे, ही खरी तक्रार होती. आताच्या ट्रेकिंग बुटांचा तळ दणकट असतो, पण बोटांभोवती रबराची जाड पट्टी चिकटवलेली असते. ती कातळावर नखं वाचवते आणि तिच्यामुळेच बूट तिथे ताणला जात नाही. मी एकदा नवाकोरा बूट मोच्याकडे नेला. त्याने लाकडी ठोकळ्यावर दोन दिवस ताणून ठेवला. मधला भाग थोडा सैल झाला, करंगळीची जागा जशीच्या तशी राहिली.

म्हणून आता दुकानात पहिली गोष्ट करतो ती बुटातला सुटा तळवा बाहेर काढायची. तो जमिनीवर ठेवून त्यावर उभा राहतो. कडेवरून मांस बाहेर ओघळलं, तर बूट परत. पसंत पडला तर संध्याकाळी, मोज्यांसकट, दुकानातल्या पायऱ्या किंवा रॅम्पवरून उतरून बघतो. न्यू बॅलन्ससारख्या काही कंपन्यांच्या जोड्यांवर २ई, ४ई छापलेलं मिळतं, पण ते मुख्यतः धावायचे आणि चालायचे जोडे. घोट्यापर्यंतच्या ट्रेकिंग बुटांत आपल्या बाजारात हे अक्षर फार शोधावं लागतं. मला शेवटी आठाच्या जवळचा, पुढून गोलसर जोड मिळाला, तोही चौथ्या दुकानात. नाडी चवड्यावरच्या दोन भोकांतून ओवत नाही, तिथे पाऊल मोकळं सोडतो. घोट्याशी मात्र दुहेरी गाठ मारून टाच मागे बसवतो.

गेल्या पावसाळ्यात पेठ शहापूरहून कोराईगडावर गेलो. उतरताना पायऱ्यांवर शेवाळ होतं, पाय जपून टाकावा लागत होता. खाली गाडीपाशी बूट काढले. मोजे भिजले होते, करंगळी लाल नव्हती.