नाकाच्या शेंड्यावरचा फोड

कपाळाची एकच बाजू जळजळते, नुसता कंगवा फिरवला तरी कळ जाते. दोन-तीन दिवसांनी भुवईवर पाणीदार फोडांचा पुंजका उठतो. ही नागीण. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठीत वर्षानुवर्षं दडून असतो. प्रतिकारशक्ती खालावली की तो त्याच तंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. म्हणून पुरळ कपाळाच्या मधोमध रेघ मारल्यासारखं थांबतं. ‘विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो’ ही भीती निराधार आहे.

भीती बाळगायची ती डोळ्याची. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर सावध व्हा, कारण तिथे पोचणाऱ्या मज्जातंतूच्याच फांद्या डोळ्यात जातात. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी ही खूण नोंदवली. नाक स्वच्छ असलं तरी डोळा सुटलाच असं मात्र नाही.

बुबुळावरचं पारदर्शक पटल बधिर होतं. मग कचरा गेला तरी खुपत नाही, जखम चिघळते, पांढरा डाग राहतो. आत दाह होऊन दाब वाढला तर काचबिंदूही होतो, कधी फोड सुकल्यावर काही महिन्यांनी.

विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर सर्वांत चांगलं. उशीर झाला तरी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवाच. गेरूच्या लेपात हेच तास निघून जातात, याचं फार वाईट वाटतं. पन्नाशीनंतर दोन डोसांची लसही घेता येते.