हरवलेली पावलं

या, टेका अंमळ, आज एका चोरीची गोष्ट सांगतो. नुकत्या जन्मलेल्या बाळाला दोन्ही काखांत धरून उभं करावं, तळवे जरा टेकवावेत, की ते बेटं चक्क एकापुढे एक पाऊल टाकतं. अजून मान धरायचा पत्ता नाही आणि स्वारी निघाली गावाला! पण दोनेक महिने झाले की ही पावलं अशी गडप होतात की पुढं कित्येक महिने त्यांचा मागमूस नाही.

मग नेली कुणी? जुनी जाणती मंडळी बोट दाखवायची मेंदूकडं, की तो शहाणा होऊ लागला म्हणजे असल्या उपजत खोडी दाबून टाकतो. येल विद्यापीठातले आर्नल्ड गेझेल तर म्हणत, पोराचं सगळं वेळापत्रक आतूनच ठरून आलेलं असतं. 1929 साली त्यांनी जुळ्या बहिणींतल्या एकीला सहा आठवडे जिना चढायला शिकवलं, दुसरीला तशीच सोडली, आणि ती पठ्ठी नंतर थोड्याच दिवसांत बहिणीच्या बरोबरीला आली. आपल्या आज्या निराळं काय सांगतात? वेळ आली की चालेल!

पण अमेरिकेतच एस्थर थेलन नावाची बाई होती, मूळची प्राणिशास्त्रातली, गांधीलमाशीच्या कुळातले इवले किडे अंग कसं पुसतात ते तासन्‌तास बघणारी. तीच नजर तिनं पोरांवर लावली, आणि तिला दिसलं की उताणं पडलेलं पोर लाथा झाडतं त्या थेट पावलांच्याच लयीत. आता मेंदूनं खोड दाबली म्हणावी, तर आडवं पडल्याबरोबर ती सुटते कशी? चोर निघाला मांडीत! या वयात चरबी भराभरा चढते, ताकद मागं राहते, आणि उभ्यानं तो गुबगुबीत पाय उचलतच नाही. 1984 साली थेलनबाईंनी अशा पोरांना पाण्यात उभं धरलं. पाय हलके झाले, पावलं हजर. उलट पायांना छोटी वजनं बांधली, तर पावलं घटली. पुढं सात महिन्यांच्या पोरांना सरकत्या पट्ट्यावर धरलं, तर तीही टपाटप चालू लागली.

म्हणजे चालणं एकट्या मेंदूच्या हुकमानं येत नाही. वजन, ताकद, पायाखालची भुई, सगळ्यांचं जमावं लागतं. आणि ते जमवायला पोर काय राबतं! कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं, बारा ते एकोणीस महिन्यांचं पोर मोकळं खेळताना तासाला सरासरी 2368 पावलं टाकतं आणि 17 वेळा पडतं. तेव्हा नातू धपकन बसला की लगेच उचलायला धावू नका, त्याचं काम चाललंय.