वर्धेपलीकडचं विमान

बल्लारपूरहून राजुऱ्याला जाणारी एसटी वर्धा नदीच्या पुलावर चढली की तुम्ही काय बघता? पाणी, वाळू, एखादा बगळा. पण शंभर वर्षांपूर्वी ही नदी ओलांडली की राज्यच बदलायचं! अलीकडे चांदा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. पलीकडे राजुरा, म्हणजे हैदराबादच्या निजामाचं राज्य. नाणंसुद्धा वेगळं. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली रुपया. राजुरा तालुका आपल्या चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात आला तो थेट 1959 साली.

आणि या पलीकडच्या राजानं एकदा काय दान केलं असेल? गाय? सोनं? नाही बाप्पा, विमानं! तीही एकदोन नव्हे, एका अख्ख्या तुकडीला पुरतील एवढी.

तेव्हा पहिलं महायुद्ध सुरू होतं. ब्रिटन जर्मनीशी लढत होता. निजाम मीर उस्मान अली खान यांनी ब्रिटनला विमानांसाठी पैसे दिले. म्हणजे विमान हैदराबादेत बनवून बोटीनं पाठवलं असं नाही हं. पैसा इथून गेला, विमानं तिकडेच तयार झाली. 1918 साली 110 क्रमांकाची ब्रिटिश तुकडी ही विमानं घेऊन फ्रान्समध्ये उतरली. तुकडीचं नावच पडलं ‘हैदराबाद’. प्रत्येक विमानावर लिहिलेलं होतं, ही निजामाची भेट. आणि तुकडीचं चिन्ह कोणतं, ओळखा? वाघ! ताडोबावाल्यांनो, कॉलर ताठ करा.

आता खरी गंमत. हे डी.एच. 9 ए जातीचं विमान बनलं होतं कशाचं? लाकडाचं आणि कापडाचं!

“मग आमच्या आलापल्लीचा साग वापरला असता की!” असं तुम्ही म्हणाल. सागाचा रुबाब खराच. अयोध्येच्या राममंदिरासाठी 2023 साली लाकूड गेलं ते आपल्याच जंगलातलं. पण विमानाचा हिशेब वेगळा असतो. एक घनफूट साग भरतो साधारण 18 किलो. थंड देशांत स्प्रूस नावाचं एक सूचिपर्णी झाड असतं, त्याचं घनफूट भरतं 12 किलोच्या आसपास. दार वर्षानुवर्षं टिकायला हवं, म्हणून साग. विमान हवेत उचललं जायला हवं, म्हणून स्प्रूस. लाकूड चांगलं की वाईट हे कामावर ठरतं.

या लाकडी सांगाड्यावर जवसाच्या धाग्याचं कापड ताणून बसवायचे. हो, तेच जवस, ज्याची चटणी तुम्ही भाकरीबरोबर खाता! आजी सुती लुगड्याला खळ देते तेव्हा ते कडक होतं ना? इथे कापडावर एक खास रोगण लावत. ते वाळताना कापड आक्रसायचं आणि डफाच्या चामड्यासारखं टणटणीत व्हायचं. अशा पंखांच्या विमानात बसून दोन माणसं ताशी सुमारे 190 किलोमीटर वेगानं उडायची. दोघांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नाही!

पण हे काही सहलीचं विमान नव्हतं. ते शत्रूच्या शहरांवर बॉम्ब टाकायला जायचं, आणि गेलेली सगळी विमानं परत यायची नाहीत.

दुसऱ्या महायुद्धातही हैदराबादचा पैसा गेला. तेव्हा 152 क्रमांकाच्या लढाऊ तुकडीला हैदराबादचं नाव मिळालं. ती स्पिटफायर विमानं उडवायची आणि तिच्या चिन्हावर होती निजामाची पगडी. बडोद्याचे गायकवाड तरी मागे कसे राहतील? त्यांच्या दानामुळे 124 व्या तुकडीचं नाव पडलं ‘बडोदा’. चिन्ह? मुंगूस!

आजही देश एकमेकांना लढाऊ विमानं देतात. रशियानं 2022 साली युक्रेनवर मोठं आक्रमण केलं. त्यानंतर नेदरलँड्स, डेन्मार्क अशा देशांनी युक्रेनला आपली एफ-16 विमानं दिली. एकट्या नेदरलँड्सनं 24. फरक एवढाच, की निजामाची विमानं होती कोरी करकरीत आणि ही होती वापरलेली.

वापरलेलं विमान म्हणजे काय, ते घरीच बघा. एक पातळ तार घ्या. एकदा वाकवा, काही होत नाही. दहादा वाकवा, वीसदा वाकवा. तट्! तुटली. याला म्हणतात धातूचा थकवा. विमानानं आकाशात गिरकी घेतली की त्याचे पंखही असेच किंचित वाकतात. म्हणून विमानाचं वय नुसतं वर्षांत मोजत नाहीत, उड्डाणाच्या तासांत मोजतात. एफ-16 मुळात 8,000 तासांसाठी आखलेलं. आपल्या हवाई दलाची मिग-29 आणि सुखोई विमानंही ठरावीक तास भरले की नाशिकजवळ ओझरला जातात. तिथे ती पार खोलतात, तपासतात आणि पुन्हा जोडतात.

म्हणजे नुसतं विमान देऊन भागत नाही. वैमानिक शिकवा, मिस्त्री शिकवा, सुटे भाग पुरवा. हत्ती दिला तर माहूतही द्यावा लागतो आणि चाराही.

बरं, निजामाच्या त्या विमानांचं पुढे काय झालं? त्यातलं एक, एफ 1010 क्रमांकाचं, 5 ऑक्टोबर 1918 ला जर्मनांच्या हाती लागलं. त्यांनी ते बर्लिनच्या संग्रहालयात मांडलं. दुसऱ्या महायुद्धात ते पोहोचलं पोलंडला आणि या धावपळीत पंख गमावून बसलं. शेवटी 1977 साली ब्रिटननं एक अख्खं स्पिटफायर पोलंडला देऊन हे बिनपंखांचं विमान परत घेतलं! नवे पंख लावून ते आता लंडनच्या हवाई दल संग्रहालयात उभं आहे.

नाव त्याच्यावर निजामाचं. पण निजामाची तिजोरी भरायची कोण? रयत. राजुऱ्याच्या शेतकऱ्याचा साराही त्याच तिजोरीत जमा व्हायचा. त्या शेतकऱ्यानं विमान कधी डोळ्यांनी पाहिलंही नसेल.

राजुऱ्याकडच्या दोस्तांनो, घरातली जुनी पेटी एकदा आजोबांसमोर उघडा. हाली रुपया किंवा निजामाच्या काळातली साऱ्याची पावती सापडली, तर जपून ठेवा.