वाचता येतं, पण कळलं का?

डॉक्टर औषधं लिहून देतात, पथ्य सांगतात आणि विचारतात, "कळलं ना सगळं?" आपण मान डोलावतो. घरी आल्यावर मात्र 'ही पिवळी गोळी जेवणाआधी की नंतर?' यावर खल सुरू होतो! हे जसं आपल्याकडे, तसंच दूर इराणातही. रुग्णाला सांगितलेलं कितपत उमगलं, हे रीतसर मोजण्याचं काम तिथल्या संशोधकांनी हाती घेतलं आहे. या समजेला म्हणतात 'आरोग्य-साक्षरता'.

भगिनींनो, आरोग्य-साक्षरता म्हणजे नुसतं लिहिता-वाचता येणं नव्हे. माहिती मिळवणं, ती वाचणं, समजून घेणं, खरी-खोटी पारखणं आणि त्याप्रमाणे वागणं, अशा तिच्या पाच पायऱ्या. शहरांतल्या इराणी प्रौढांसाठी २०१४ साली फारसीत ३३ प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध झाली, ती याच पाच पायऱ्यांवर उभी आहे.

हृदयरोग्याचं वेगळं दुखणं

'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला, असं आपण समजतो. पण डॉक्टर 'हार्ट फेल्युअर' म्हणतात तेव्हा हृदय बंद पडलेलं नसतं. शरीराला हवं तेवढं रक्त पुढे ढकलणं त्याला झेपत नसतं. मग अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, आडवं पडलं की धाप लागते. अशा रुग्णाचा निम्मा उपचार घरातच चालतो. तिथे समज अपुरी पडली, की वाढलेलं वजन 'अंगी लागलं' म्हणून सोडून दिलं जातं आणि रुग्णाला रात्री-अपरात्री इस्पितळ गाठावं लागतं.

म्हणून या रुग्णांसाठी जपानी संशोधकांनी २०१६ साली १२ प्रश्नांची खास मोजपट्टी मांडली. छापील माहिती वाचताना अडतं का? मिळालेली माहिती दुसऱ्याला सांगता येते का? ती आपल्याला लागू आहे का, याचा विचार करता का? असे साधेच प्रश्न.

शब्दाला शब्द चालत नाही

पण परकी प्रश्नावली फारसीत नेणं म्हणजे शब्दाला शब्द ठेवणं नव्हे. आपलंच पाहा ना! 'दारू' हा शब्द आपण फारसीतूनच घेतला. तिथे त्याचा अर्थ औषध आणि 'दारूखाने' म्हणजे औषधाचं दुकान! जुना अर्थ आपल्या 'दवादारू'त तेवढा उरला. फारसीत 'देल' म्हणजे दिल, हृदय. पण 'देल-दर्द' म्हणजे चक्क पोटदुखी! म्हणून अशा कामात एक जण भाषांतर करतो, मूळ न पाहिलेला दुसरा ते उलटं मूळ भाषेत आणतो, मग दोन्ही ताडून पाहतात. नंतर प्रत्यक्ष रुग्णांना विचारतात, "यातून तुम्हाला काय कळलं?"

कमी गुण मिळाले, तर रुग्ण नापास झाला असं समजायचं नाही. त्याला अधिक सोपं करून सांगायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. इराणी जेवणात खारवलेल्या काकड्या नि खारट ताक असतं, आपल्याकडे पापड-लोणचं. नुसतं 'मीठ कमी करा' म्हटल्यानं यातलं काय वगळायचं, हे कसं कळावं?

घरात असा रुग्ण असेल तर

* रोज सकाळी शौचाहून आल्यावर, न्याहारीपूर्वी वजन करून वहीत लिहा. ३ दिवसांत २ किलोहून अधिक वाढलं, तर डॉक्टरांना लगेच कळवा. धाप अचानक वाढली, तर वजनाची वाट पाहू नका.
* 'कमी सोडियम'चं मीठ विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असू शकतं आणि काही औषधांबरोबर ते घातक ठरतं.
* बरं वाटलं म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका.
* निघण्यापूर्वी डॉक्टरांना म्हणा, "मला जे समजलं ते सांगते, चुकलं तर सांगा."

हे म्हणायला संकोच कसला? पाककृती नाही का आपण दोनदा विचारून घेत!