वाड्यातील रंगीत तावदाने

१९४८ पर्यंत हिंगोलीच्या मुलखावर निजामाचा अंमल असल्यामुळे वैभव कसे मिरवावे याचा दस्तूर इथल्या मातबर घराण्यांनी हैदराबादेकडे पाहूनच गिरवला. आणि तेथील चौमहल्ला राजवाड्याच्या खिलवत महालात ज्या बेल्जियमच्या बिलोरी झुंबरांखाली दरबार भरत असे, त्यांचाच षोक ऐपतीप्रमाणे आटोपशीर होत मराठवाड्यातील जहागीरदार-देशमुखांच्या वाड्यांत उतरला. दिवाणखान्याच्या तुळईला हंड्या-झुंबरे टांगली गेली, दारांवरील कमानींत तांबडी, हिरवी, निळी तावदाने बसली.

तिकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील धनिकांच्या घरांतही काचेला प्रतिष्ठा लाभत होती. तेथील काच-कलावंतांपैकी जॉन ला फार्ज यांनी १८८० साली दुधी, ढगाळ छटांच्या काचेचे पेटंट मिळवले, लुई टिफनी यांनी तिचा लौकिक वाढवला. आणि न्यूयॉर्कसारख्या दाटीच्या शहरात शेजारची भिंत दृष्टीआड करूनही खोलीत उजेड घेण्याची सोय तिने करून दिली.

काचेचा हा वर्णविलास मूलतः रसायनाचा आहे. वितळलेल्या काचरसात कोबाल्ट मिसळले की गडद निळा रंग येतो, सुवर्णाच्या अत्यल्प अंशाने माणकाची लाली चढते. शिशाच्या भस्माने काच जड होऊन प्रकाश अधिक वाकवते, म्हणून लोलकाच्या पैलूंतून सप्तरंग फाकतात. याच रंगांचा राजेशाही वापर कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात दिसतो: मेजर मँट यांच्या आराखड्यानुसार १८८४ च्या सुमारास पूर्ण झालेल्या त्या वास्तूत, दरबार सभागृहाच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातील प्रसंग साकारले आहेत. वाड्यांतील काम याहून साधे: सागवानी चौकटीच्या प्रत्येक खणात एकेका रंगाची काच, कडेने लुकण, आणि जवळून पाहिल्यास त्या काचेत अडकलेले हवेचे बारीक बुडबुडे.

पण या साधेपणाचे प्रयोजन मोठे होते. थंड देशातील गृहस्थ काचेकडून उजेड मागतो. वैशाखात होरपळणाऱ्या आपल्या प्रांतात तीच रंगीत काच उन्हाची तिरीप सौम्य करून बैठकीवर पसरते. आज वाड्यांची डागडुजी करताना जुन्या चौकटी काढून ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवल्या जातात, तेव्हा ही तावदाने मोडीत निघतात आणि त्यांच्याबरोबर त्या घराचा उजेडही बदलतो. म्हणून ज्यांच्या वाड्यात ती शाबूत असतील, त्यांनी सुताराकरवी लुकण हलक्या हाताने सोडवून, काचांवर क्रमांक घालून त्या जपाव्यात आणि नव्या चौकटीत पूर्वीच्याच क्रमाने बसवाव्यात. या कामास खर्च फारसा नाही, आस्था मात्र हवी.